पहिल्या पाण्याची कविता

गावात पंप आले आणि डोंगरावरून येणारा पाट बावीस वर्षं कोरडा पडून राहिला. यंदा विहिरी आटल्या तेव्हा कुठे सगळ्यांना त्याची आठवण झाली. वसंतात आम्ही तो उकरून साफ केला. पाणी आलं आणि पाण्यामागून भांडण आलं: आमच्या बाजूच्या रानात पहिली पाळी कोणाची? जुना पाटकरी सगळ्या पाळ्या डोक्यात ठेवायचा, आणि ते डोकं घेऊन तो केव्हाच मातीत गेला होता.

पहिली पाळी माझ्या वडिलांची, त्रपकोची. मला पक्कं माहीत होतं, कारण लहानपणी पहाटे पाण्याची दारं धरायला मीच त्यांच्याबरोबर जायचे. पण शेजारच्या कोलेचा मुलगा ब्लाझे पुरावा घेऊन आला. पुरावा म्हणजे नाउमकाकांची कविता.

नाउमकाका आमच्या गावचे पोस्टमन, आता शहाऐंशी वर्षांचे. कोणाची गाय कुठल्या कुंपणातून घुसते, कोण राकियाच्या दारूत पाणी घालतो, सगळं त्यांनी कवितांत घातलंय. शहरातली माणसं त्या वाचून उसासे टाकतात. आम्ही आपापली नावं शोधतो. ही कविता तर शाळेच्या पुस्तकातच आहे:

देवळात पडले पाच टोले,
पहिलं पाणी धरतो कोले.
त्रपको बसला बांधावर,
मिरची खातो पावाबरोबर.

"नाउमकाका कधी खोटं लिहितात का, मेंकाताई?" ब्लाझे म्हणाला. "हा बघ तुझा बाप, बसलाय वाट बघत."

नवा पाटकरी स्पासे दुकानासमोर उभा राहून मान डोलवत होता. लेखी ते लेखी, असं त्याचं म्हणणं.

पहिल्या पाळीला पाट भरून वाहतो. दुसरी पाळी येईपर्यंत वरचं गाव बांध घालतं, मग खाली येतो तो निव्वळ चिखल. माझी मिरचीची चार हजार रोपं रानात उभी होती. प्रिलेपच्या बाजारात ती मिरची गेली तरच माझी चूल पेटते. मी तडक नाउमकाकांचं घर गाठलं.

ते अंगणात घेवडा सोलत बसले होते.

"काका, पहिलं पाणी कोणाचं होतं?"

"त्रपकोचं," ते मान वर न करता म्हणाले.

"मग हा कोले कुठून आला?"

"टोल्यांमुळे आला."

"म्हणजे?"

"अगं, टोले आधी सुचले. त्याला त्रपको जुळेना. तीन दिवस डोकं खाजवलं. शेवटी तुझ्या बापाला विचारलं. तो म्हणाला, लिही काय लिहायचं ते, पाणी तर मलाच मिळतंय ना."

हे अगदी माझ्या वडिलांचंच बोलणं. मला हसू आलं आणि रागही आला.

"रविवारी दुकानासमोर हेच सांगा."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "मेंका, मी काही फार मोठा कवी नाही, मला कळतं ते. पण लोक म्हणतात, नाउम जसं आहे तसं लिहितो. माझ्याकडे तेवढंच आहे गं."

"आणि माझ्याकडे मिरच्याच आहेत," मी म्हणाले. दुष्टपणानं म्हणाले, पण शब्द मागे घेतला नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. "पहिलं पाणी त्रपकोचं. यमकासाठी मी नावं फिरवली."

"काका, मेंकाताईनं काय पाजलं तुम्हाला?" ब्लाझेनं विचारलं. लोक हसले.

"तुझा बाप पाच वाजता घोरत असायचा, ब्लाझे. पहिली पाळी त्याला फुकट दिली असती तरी त्यानं घेतली नसती."

यावर म्हातारे जास्त हसले, कारण कोलेची झोप सगळ्यांना ठाऊक होती. स्पासे म्हणाला, "ठीक आहे. पहिली पाळी मेंकाची."

लोक पांगायला लागले. तेवढ्यात बाकावरून म्हातारी दोस्ता उठली. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली. फोटो नाही, कपडा नाही, काही नाही. नाउमकाका तेव्हा शेजारचं बारा वर्षांचं पोर. त्यांच्या एका कवितेत दोस्ताची आई पाळण्याची दोरी पायाला बांधून कणीक मळते, आणि मळता मळता गाते. चौऱ्याहत्तर वर्षं झाली, दोस्ताकडे आई म्हणून आहे ते एवढंच.

"नाउम," ती म्हणाली, "माझी आई गायची का?"

"गायची, दोस्ता. कुंपणापलीकडून रोज ऐकू यायचं."

"आणि दोरी पायाला बांधायची?"

"बांधायची. शपथेवर सांगतो."

दोस्तानं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तू आता तसं म्हणणारच," ती म्हणाली, आणि काठी टेकत घराकडे निघाली. मला नाउमकाकांकडे बघवेना.