निवळलेले डोळे

“यातलं माझ्यामुळे झालेलं कुठलं?” कार्त्यायनीअम्मांनी विचारलं.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टर शाहिना त्यांना समजावत होत्या. नवऱ्याचं, कुंजिरामनचं, स्वादुपिंडातल्या गाठीचं ऑपरेशन पार पडलं होतं, पण आता पोटात जंतू शिरले होते. वय झालेलं, त्यात साखर. स्वादुपिंड मऊ, म्हणून आतड्याशी शिवलेला जोड धरला नाही, आत पाझरतोय. शिवाय कावीळ फार दिवस तुंबली, तेव्हा ऑपरेशनआधी पित्ताच्या वाटेत नळी घालावी लागली. नळीच्या वाटेने जंतूही येतात.

“तुमचं एकटीचं असं काही नसतं, अम्मा. सगळं मिळून होतं.”

“फार दिवस तुंबली म्हणालीस ना, पोरी? ते माझं.”

डॉक्टरांनी त्यांना हात धुवायची जागा दाखवली. खोटं बोलणं जमलं नसावं बिचारीला.

केरळात आमच्या तलश्शेरीकडे कावीळ झाली की माणूस दवाखान्याआधी कार्त्यायनीअम्मांचं अंगण गाठतो. पहाटे, उपाशीपोटी, बकरीच्या दुधात वाटलेली भुईआवळी. पथ्य कधी सोडायचं ते अम्मा खालची पापणी ओढून ठरवायच्या. डोळे निवळले की म्हणायच्या, “सुटलास! जा, मासे खा.” कुंजिरामन पिवळा पडला तेव्हाही त्यांनी हेच केलं. डोळे निवळेनात, तेव्हा पाला वाढवला. “गावाला बरं करतेस आणि मलाच लटकवतेस होय?” असं म्हणत तो सगळं पिऊन टाकायचा. पित्ताची वाट गाठीने अडवलेली. पाल्याने ती काय हलणार? पण दवाखान्यात न्या, असं आम्हीही कुणी म्हटलं नाही. अम्मांना कावीळ कोण शिकवणार! याची मला आजही चीड येते.

हात धुऊन त्या आत गेल्या. कुंजिरामन तापाने फणफणला होता. पोटातून निघालेल्या नळीच्या पिशवीत गढूळ पाणी साचलं होतं.

“मासे कधी देणार?” त्याने विचारलं.

अम्मांचा हात सवयीने पुढे गेला. त्यांनी पापणी खाली ओढली. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. पित्ताच्या वाटेतल्या नळीने आपलं काम चोख केलं होतं.

“निवळले?”

“निवळले हो. स्वच्छ आहेत.”

“मग तुझं ते ‘सुटलास’ म्हण की.”

अंगणात किती जणांना त्यांनी ते हसत हसत सांगितलं होतं. आता पापणी सोडून त्यांनी हात तसाच त्याच्या गालावर ठेवला. गाल चटका देत होता.

“म्हण ना,” कुंजिरामन म्हणाला.