बोलून झालेल्यांनी बाजूच्या दाराने जावे

मी एक जुना माइक आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उगाच गळा काढतात आणि ऐकणारी मुलं बिचारी जांभया लपवत बसतात. मी गळा काढणार नाही. माझ्या जाळीत धूळ साचली आहे, मानेचा स्क्रू ढिला झाला आहे, वायरला दोन ठिकाणी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. माझं दुखणं वेगळंच आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे लांबलचक टेबलाशी बसून बायका केसाइतक्या बारीक तारा जोडत असत. जिने माझ्या पोटात पातळ पडदा बसवला, तिने माझ्यावर टिचकी मारली, कानाला लावलेल्या यंत्रात तो आवाज ऐकला आणि शेजारणीला म्हणाली, "हा कान देऊन ऐकतो बघ." माझं एवढंच काय ते बारसं. लोकांना वाटतं माइक बोलतो. अजिबात नाही. माइक फक्त ऐकतो. ऐकलेलं वायर घेऊन जाते आणि बोलतो तो स्पीकर. सगळ्यांचे आवाज माझ्यातून जातात, मला मात्र स्वतःचा आवाज नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तीच माझ्या जिवावर उठली.

तिथून मी या गावाच्या सभागृहात आलो. सभागृह म्हणजे एक उंच मंच, समोर लाकडी खुर्च्या, मागे मोठं दार आणि त्याबाहेर लांब वऱ्हांडा. मला सांभाळायला ध्वनिवाले काका होते. काका बोलायला तिखट, पण हात मायेचा. कार्यक्रमाआधी ते मला स्वतःच्या रुमालाने पुसत आणि कुणी माझ्यावर फुंकर मारून पाहिली की ओरडत, "अहो, तो काय चहा आहे का?" माझ्यासमोर मुलं कविता म्हणत. एकदा एक चिमुरडी तिसऱ्या ओळीवर अडकली, तर अख्ख्या सभागृहाने तिला पुढची ओळ सांगितली. निवृत्त होणारे गुरुजी माझ्यासमोर बोलता बोलता थांबले आणि लोक गप्प बसून राहिले. त्या काळात माझं फार कौतुक व्हायचं. "काय खणखणीत आवाज आहे!" असं म्हणत लोक माझ्या दांड्यावर थाप मारून जात.

मग वाईट दिवस आले. मला ते आधी पंख्यांवरून कळलं. सभागृहातले अर्धे पंखे बंद ठेवायला लागले. मग गाण्याचे कार्यक्रम थांबले. मग लग्नंसुद्धा घरच्या घरी उरकू लागली. साफसफाईला येणाऱ्या मावशी काकांना सांगायच्या, आज अमक्या कारखान्याला कुलूप लागलं, उद्या तमक्याचं दुकान उठणार. देशाचा सगळा गाडाच रुतला होता. रोज सकाळी भाव वेगळा आणि घरी बसलेल्या माणसांचे चेहरे मात्र तेच.

तेव्हा सरकारने जाहीर केलं की देश कसा सावरायचा हे आता नागरिकांनीच सांगावं. गावोगाव सभा होतील, प्रत्येकाची कल्पना ऐकली जाईल. मित्रांनो, मला इतका आनंद झाला होता! ऐकणं हाच तर माझा धर्म. काकांनी माझी जाळी उघडून दात घासायच्या ब्रशने साफ केली.

पहिली सभा खच्चून भरली. शिंपी बोलले, पिठाच्या गिरणीवाली बोलली, खुर्चीवरून उठून एक आजोबा बोलले. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, आधी दिवसा वीज द्या. माझी इस्त्री तापली की तुमची अर्थव्यवस्थाही तापेल." सभागृह हसून लोटपोट झालं. लोक खुर्च्या वळवून एकमेकांशी बोलू लागले. "अहो, मग माझ्याकडे या ना!" "तुमचं दुकान कुठे आहे?" असा नुसता कल्लोळ झाला. गिरणीवाली तर मंचाकडे पाठ करून बसली होती. एवढ्या वर्षांत इतकं सुंदर मी काही ऐकलं नव्हतं.

मंचावर अध्यक्ष होते. वरून आलेले, पांढऱ्या कपड्यांतले, चहात बिस्किट बुडवून खाणारे. त्यांच्या शेजारी सचिव, समोर पितळेची घंटी. अध्यक्षांनी सचिवांच्या पुढ्यातली घंटी ओढून घेतली आणि बडवली. "तुम्ही इथे आम्हाला सूचना द्यायला आला आहात," ते म्हणाले, "आपापसांत गप्पा मारायला नाही."

पुढच्या सभेपासून शिस्त आली. दारावर पाटी लागली. नागरिकांनी वऱ्हांड्यात थांबायचं. नंबर पुकारला की एकट्याने आत यायचं, मंचाखाली माझ्यासमोर उभं राहायचं, घंटी वाजेपर्यंत बोलायचं. 'बोलून झालेल्यांनी बाजूच्या दाराने जावे.' बाजूच्या दाराबाहेर चहाचा कप मिळे आणि छातीवर 'सजग नागरिक' असा बिल्ला लावला जाई. मोठं दार बंद, स्पीकरचं तोंड मंचाकडे. समोरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. म्हणजे बघा, आधीचा काय बोलला ते पुढच्याला कळायचं नाही आणि पुढचा काय बोलला ते आधीच्याला. सगळ्यांचं सगळं ऐकणारा तिथे मी एकटाच. मंचावरचे? अध्यक्ष प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत, "सूचना स्वागतार्ह आहे. पुढचे!"

त्या सभेला पाळणेवाल्या ताई आल्या. त्या, त्यांची जाऊ आणि गल्लीतल्या आणखी काही बायका मिळून वेताचे पाळणे विणत. ताईंच्या बोटांवर वेताचे चरे होते. त्या म्हणाल्या, "साहेब, बंदराच्या शहरात एक दुकानदार आहे. पाठवाल तेवढे पाळणे घेतो म्हणतो. पण पाळणा हलका असला तरी जागा किती खातो! ट्रकवाले म्हणतात, पूर्ण गाडीचं भाडं टाका. आमचा नफा सगळा त्यातच जातो. घरात आता झोपायला जागा नाही, पाळणे आढ्याला टेकलेत. सरकारने लहान कारागिरांसाठी मालाची एक गाडी सोडावी, एवढीच..."

घंटी. "सूचना स्वागतार्ह आहे. पुढचे!"

ताई गेल्या. मग काही जण आले आणि गेले. मग एक उंच, खांदे पडलेला माणूस आला. "मी व्हॅनवाला. बंदराहून तुमच्या सरकारी दवाखान्याची औषधं आणतो. येताना गाडी भरलेली असते, जाताना रिकामी. रिकामी गाडी तेल काय कमी पिते का? दवाखाना एकाच फेरीचे पैसे देतो. मी ही व्हॅन विकायला काढलीय. सरकारने तेल स्वस्त करावं, नाहीतर उद्या तुमची औषधं कोण आणणार?"

घंटी. "स्वागतार्ह. पुढचे!"

मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे, रिकामी व्हॅन बंदराकडे जाते! पाळण्यांना बंदराकडे जायचंय! दोघेही त्याच पाटीखाली उभे होते, दोघांनी त्याच किटलीतला चहा घेतला. ट्रकच्या अड्ड्यावर औषधाची व्हॅन कुणी शोधत नाही आणि दवाखान्याच्या मागच्या दाराशी पाळणा कुणी नेत नाही, मग यांची गाठ पडणार कुठे? ती इथेच पडायला हवी होती. त्याचसाठी तर ही सभा भरली होती ना? आणि ज्याला हे कळलं होतं, त्याला बोलता येत नव्हतं.

त्यानंतरच्या सभेला दोघे पुन्हा आले. या वेळी व्हॅनवाला आधी, ताई नंतर. ताई माझ्यासमोर हात जोडून उभ्या होत्या तेव्हा तो बाजूच्या दाराबाहेर चहा फुंकत होता. अध्यक्ष खाली मान घालून बिस्किटांचा पुडा उघडत होते. ताई म्हणाल्या, "साहेब, जरा ऐकता का?" सचिव म्हणाले, "सगळं टिपून घेतलं जातंय, बाई." त्यांच्या पेनाला टोपण होतं. मला जवळून दिसत होतं.

मग ती शेवटची सभा. त्या दिवशी मावशींनी फरशी पुसताना स्पीकर सरकवला होता आणि तो माझ्या अगदी पुढ्यात येऊन राहिला होता. पहिला माणूस बोलायला उभा राहिला आणि मी किंचाळलो. हो, मीच. अशी कर्कश्श शिट्टी की खिडक्यांची तावदानं थरथरली. काका म्हणतात, स्पीकर माइकजवळ आला की तसं होतंच, त्यात विशेष काही नाही. म्हणोत बापडे. मी इतक्या सभांचं ऐकून पोटात ठेवलं होतं, माझं मला माहीत.

काका बटणं फिरवत राहिले, मी थांबेना. अध्यक्षांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "ते खोकं आधी बाहेर न्या!"

"साहेब," काका म्हणाले, "मग तुम्हाला ऐकू कसं येणार?"

"आम्हाला सगळं ऐकू येतं. बाहेर न्या म्हटलं ना!"

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांकडे. मग लांब वायर सोडत त्यांनी स्पीकर उचलला आणि मोठ्या दारातून थेट वऱ्हांड्यात नेऊन ठेवला. चालूच ठेवला. साहेबांनी बाहेर न्यायला सांगितलं होतं, बंद करायला नव्हतं.

पुढचा नंबर ताईंचा होता. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत.

"मी आज काही मागायला आले नाही," त्या म्हणाल्या. "कळवायला आलेय. बंदराकडे जाणारी गाडी काही मिळाली नाही. आम्ही काम बंद करतोय. तयार पाळणे वीटभट्टीवाला न्यायला येतोय, उद्या सकाळी. जळणाच्या भावाने. माझी जाऊ कालपासून जेवली नाहीये. बाळांसाठी विणलं होतं हो सगळं, ते आता भट्टीत जाणार. एवढंच सांगायचं होतं."

माझ्यात गेलेला तो आवाज वायरीतून वऱ्हांड्यात पोचला. बाहेरची कुजबुज थांबली. अध्यक्ष म्हणाले, "सूचना स्वागतार्ह आहे." खरंच म्हणाले, मित्रांनो. ज्या बाईने सूचना दिलीच नव्हती, तिला म्हणाले.

आणि मोठं दार धाडकन उघडलं. व्हॅनवाला आत आला, धापा टाकत. "ताई! कुणाला जळणाला देताय पाळणे? माझी गाडी रोज रिकामी जाते बंदराला!"

"नंबर नसताना आत येऊ नका!" सचिवांनी घंटी वाजवली.

"कुठून जाते?" ताईंनी विचारलं.

"इथूनच. दवाखान्याच्या मागून. तेलाचे निम्मे द्या, बाकी नंतर बघू."

 ताई एकदम चिडल्या. "अहो, मग इतके दिवस होतात कुठे तुम्ही?"

"इथेच!" तो पण चिडला. "या वऱ्हांड्यात! तुमच्या मागे!"

घंटी वाजत होती, पण तिच्याकडे कोण बघतो? दोघे भांडल्यासारखे बोलत मोठ्या दारानेच बाहेर गेले. बाहेर पुन्हा कल्लोळ उसळला, पहिल्या सभेतला तोच. "अहो, तुम्ही काय करता?" "मग माझ्याकडे या ना!" सचिवांनी पुढचा नंबर पुकारला. कुणी आलं नाही. त्याच्या पुढचा पुकारला. तोही आला नाही. मग अध्यक्षांनी आपल्या खुर्चीपुढचा माइक ओढला आणि समारोप केला, "नागरिकांमध्ये कल्पनांचा आणि उत्साहाचा अभाव दिसून आला, हे खेदाने नमूद करावं लागतं." ते वाक्य त्यांच्या माइकमधून वऱ्हांड्यात गेलं. तिथे ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

पाळणे भट्टीत गेले नाहीत. काकांनी मला पुसताना सांगितलं, पहाटे दवाखान्यामागे ताई, त्यांची जाऊ आणि व्हॅनवाला असे तिघे गाडीत पाळण्यात पाळणा बसवत होते. ताईंनी व्हॅनच्या आरशाला आपला 'सजग नागरिक' बिल्ला टांगला होता.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती, पण मी तसं करणार नाही. दुसऱ्या दिवशी काकांना तंबी मिळाली. स्पीकर परत मंचाजवळ आणून त्याच्या पायाला तारेने बांधला. वऱ्हांड्यात बोलायला बंदी असल्याची आणखी एक पाटी लागली. सभा पुढे दुसऱ्या गावी गेल्या, तीच घंटी, तेच बिस्किट. आणि मी इथे सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली. माझ्या पोटात अजून कितीतरी जण आहेत. ज्याच्याकडे बंद पडलेली शिवणयंत्रं पडून आहेत तो आणि जिच्याकडे शिवायला काम आहे पण यंत्र नाही ती. ज्याची मोठी खोली ओस पडली आहे तो आणि ज्या बाईला मुलं शिकवायला चार भिंती हव्यात ती. सगळे माझ्यासमोर बोलून गेले, एकेकटे, आणि चहा पिऊन घरी गेले. त्यांची नावंगावं मला पाठ आहेत आणि मी कुणालाही सांगू शकत नाही. अशाने देश रुतणार नाही तर काय होणार?

जुन्या वस्तू शेवटी विनंती करतात, मला पुसा, मला जपा. मला ते नको. मला गंज चढला तरी चालेल. पण मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुम्हालाही कुणीतरी सभेला बोलावेल, रांगेत उभं करेल आणि तुमची कल्पना मागेल. ती जरूर सांगा. मात्र त्याआधी तुमच्या पुढे उभ्या असलेल्याला आणि मागे उभ्या असलेल्याला विचारा, "तुमचं काय अडलंय?" आणि बोलून झाल्यावर कुणी तुम्हाला बाजूचं दार दाखवलं, तर चहाचा कप तिथेच ठेवा आणि मोठ्या दाराने परत आत या.