संध्याकाळचा भोंगा

आमच्या मरोळ गावात घड्याळं होती, पण भाजी कधी कापायची ते घड्याळ सांगत नसे, माझ्या नवऱ्याच्या, अर्बनच्या, लॉरीचा भोंगा सांगायचा. संध्याकाळी तो गावातल्या क्रूसाजवळ गाडी उभी करायचा आणि भोंग्याचा रबरी फुगा दोनदा दाबायचा. म्हणजे उद्या पहाटे गाडी भायखळ्याच्या बाजाराला जाणार. मग बायका विळे घेऊन मळ्यात उतरायच्या, माठ-मुळा काढायच्या, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. पालेभाजी थांबत नाही. आज कापली की उद्या विकली गेली पाहिजे, नाहीतर म्हशीपुढे टाकायची.

सगळ्यात आधी मळ्यात उतरायची ती पर्पेच्युआ, अर्बनची मोठी बहीण. सगळं गाव तिला बाय म्हणायचं. तिचा नवरा मॅथ्यू वारला, मूलबाळ नव्हतं. चर्चमागचा, विहिरीकाठचा मळा हाच तिचा संसार. तिची पाटी लॉरीत सगळ्यात शेवटी चढायची, म्हणजे बाजारात सगळ्यात आधी उतरेल. हा मान अर्बननेच दिला होता. नव्या लॉरीवर फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, तेव्हा चारचौघांत छाती काढून म्हणाला होता, "बायची पाटी चढल्याबिगर ही गाडी हलायची नाय!" असली वाक्यं त्याला झकास जमायची.

डिझेलची लॉरी घेतली होती ती पेट्रोलपेक्षा स्वस्तात पळते म्हणून. मग तिकडे सुवेझचा कालवा बंद पडला आणि इकडे अंधेरीच्या पंपावर भाव चढला. हे सुवेझ कुठे आलं ते आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्या हिवाळ्यात नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी बसलं. एकदा जेवताना अर्बन ताट बाजूला सारून म्हणाला, "एथेल, आता रोज जाणं नाय परवडत. एक दिवसाआड जाईन. गाडी भरून जाईल, डिझेल निम्मं लागेल."

"आणि बायच्या भाजीला काय सांगू? एक दिवसाआड वाढ म्हणून?"

"मग काय गाडी विकू? सांग ना, विकू?"

तो चुकत असता तर मी भांडले तरी असते. त्याचंही खरं होतं, म्हणून माझा जास्तच जळफळाट झाला.

भोंगा एक दिवसाआड वाजू लागला. शेजारच्या आयडाने शहाणपणा केला, वांगी आणि भोपळा लावला, ते टिकतात. बायला ते जमेना. जन्मभर पालेभाजी केलेली बाई ती. तिचा माठ जून होऊ लागला, मुळा फुलावर आला. भावाला ती एका शब्दाने बोलली नाही. संध्याकाळी पायरीवर बसून क्रूसाकडे कान लावायची, एवढंच. मला ते बघवत नसे.

दुसऱ्या दिवशी गाडी जायची नव्हती, अशा एका संध्याकाळी अर्बन पंपावरून येत होता. क्रूसापाशी आयडाची म्हैस रस्त्यात आडवी बसलेली. त्याने फुगा दोनदा दाबला, म्हैस उठली, हा गाडी तिथेच लावून घरी आला, जेवून झोपला.

आम्ही दारातून म्हैस पाहिली होती. बाय चर्चच्या मागे, आपल्या घरात. तिने नुसता भोंगा ऐकला. भावाचं मन वळलं, गाडी परत रोज सुरू झाली, असं धरून ती मळ्यात उतरली आणि होतं नव्हतं तेवढं चांगलं सगळं कापून मोकळी झाली.

पहाटे मी पाण्याला निघाले तर क्रूसापाशी जुड्यांचा ढीग, आणि शेजारी धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून बाय उभी.

"अर्बन उठला का गं? आज उशीर केलान."

मी घागर तिथेच टाकून घरी पळाले, त्याला हलवून उठवलं. तो आला, ढीग बघितला.

"बाय, काल भोंगा म्हशीला वाजवला गं."

बाय उगाच हसली. "मग आता?"

एका मळ्याची भाजी रिकाम्या लॉरीतून भायखळ्याला न्यायची म्हणजे डिझेलचे पैसेसुद्धा सुटणार नव्हते. मला ते कळत होतं, तरी मी म्हटलं, "जा. आजच्या दिवस जा." त्याने बॉनेटवर हात ठेवला.

"उद्या नेतो बाय. पाणी मारून ठेव."

"उद्या," बाय म्हणाली. त्या भाजीला उद्या नाही हे दोघांनाही माहीत होतं.

दुपारी तिने सगळ्या जुड्या सोडल्या आणि आयडाच्या म्हशीपुढे टाकल्या.

पावसाआधी बायने मळा चंद्रप्रकाश नावाच्या कारखानदाराला विकला. अर्बन तणतणत गेला. "मना विचारलं पण नाय!"

"गाडी कमी केलीस, तवा तू मना विचारलंस?" बाय म्हणाली. तो तसाच परत आला आणि त्या दिवशी जेवला नाही.

कालवा उघडला, भाव उतरले. मळ्यात कारखान्याच्या भिंती उठायच्या होत्या. विटा वाहायचं काम अर्बनलाच मिळालं. आता लॉरी रोज पळू लागली, दिवसातून दोन-दोन खेपा. घरात सुबत्ता आली.

पहिल्या दिवशी विटा उतरवून संध्याकाळी तो क्रूसापाशी आला आणि जुन्या सवयीने फुगा दोनदा दाबला.

मी तेव्हा बायकडे कालवण घेऊन गेले होते. ती तांदूळ निवडत होती. भोंगा ऐकताच तिने सूप खाली ठेवलं, कोनाड्यातला विळा घेतला, लुगडं खोचलं आणि पायऱ्या उतरली. मी हाक मारली, "बाय!" तिने ऐकलं नाही. भरभर मळ्याकडे गेली आणि विटांच्या ढिगासमोर जाऊन थांबली.

अर्बनने लांबूनच तिला पाहिलं. गाडी तिथेच सोडून धावत आला. त्याची नजर तिच्या हातातल्या विळ्यावर गेली.

"भोंगा वाजवू नको रं," बाय म्हणाली. "मना कळतंय सगळं. पण ह्या हातांना नाय कळत."

त्यानंतर अर्बनने क्रूसापाशी भोंगा कधी वाजवला नाही. म्हैस आडवी असली तर गाडी थांबवून खाली उतरायचा आणि हाताने हाकलायचा.