पटलावरचे तीस दिवस

काकरघाटावर तापी ओलांडायला दोधूआबांची एकच होडी होती, आणि तीही त्यांची नव्हती. लाकूड अलीकडच्या गावाने दिलेलं, खिळे पलीकडच्या गावाने. चार पिढ्या आबांच्या घराने वल्हं मारलं, पण होडी कुणाची असं विचारलं की आबा पाण्याला हात जोडून म्हणत, "तापीमायनी शे." काठावरच्या माणसाकडून भाडं घ्यायचं नाही, सुगीला प्रत्येक खळ्यावरून एक सूप ज्वारी. भाडं फक्त परक्याकडून.

गिरधर अलीकडच्याच गावातल्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. जळगावहून बी.एस्सी. होऊन गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होता. चौसष्टच्या जानेवारीत नंदुरबारला तहसील कचेरीत त्याने गॅझेटमध्ये नव्या नियमांचा मसुदा वाचला, वहीत सगळा उतरवून घेतला आणि तडक घाटावर आला.

"आबा, गेल्या वर्षी कायदा झाला ना, की पिढीजात नावाड्याला लिलावाशिवाय परवाना मिळेल? आता सरकार त्याचे नियम करतंय. पिढीजात कोण, ते नियमात ठरणार."

"कायदा करा ना त्येस्नी? मंग आते परत काय?"

"कायद्यात सगळं बारीकसारीक लिहीत नाहीत. ते सरकारवर सोपवतात."

आबा हसले. "म्हंजे सासू सांगस, सैपाक कर. मीठ किती टाकानं ते सून ठरावस."

"अगदी तसंच."

"आनि मीठ जास्त पडनं ते?"

"त्याचीही सोय आहे. आधी मसुदा छापतात, लोकांनी तीस दिवसांत हरकत घ्यायची. मग पक्का नियम विधानसभेच्या पटलावर तीस दिवस ठेवतात. कुणीही सभासद उठून म्हणू शकतो, हे खारट झालंय, बदला. शिवाय सभासदांची एक समिती प्रत्येक नियम कायद्याशी ताडून पाहते."

मसुद्यात लिहिलं होतं, ज्याच्या स्वतःच्या मालकीची होडी कचेरीत नोंदलेली आहे तो पिढीजात नावाडी. गिरधरने हरकत लिहिली: मालकी पाहू नये, दोन्ही काठच्या गावांची साक्ष घ्यावी. दोनशे चौदा अंगठे आणि सह्या जमल्या. सिंधुबाई, आबांची सून, म्हणाली, "मास्तर, निकाल लागस तवलोंग होडी आबास्ना नावे नोंदी टाकूत ना?"

"नको. तोंडाने एक आणि कागदावर दुसरं केलं तर आपल्या हरकतीला अर्थच राहणार नाही," गिरधर म्हणाला. त्याला ते सिद्धांतासारखं स्वच्छ दिसत होतं.

तो हरकत रजिस्टर टपालाने पाठवणार होता. आबांना ते अपमानाचं वाटलं. "आपला रूपचंद मुंबईले चालना. आपला मानूस व्हतांना टपालवाला कसाले?"

रूपचंद पलीकडच्या गावचा, आता आमदार, आणि त्याच नियम तपासणाऱ्या समितीवर. सात वर्षं शाळेला तो याच होडीतून गेला होता. मुंबईला निघाला तेव्हा गिरधरने हरकत होडीतच त्याच्या हाती दिली. मधल्या धारेत त्याने ओंजळीत तापीचं पाणी घेतलं, कागद कपाळाला लावला आणि म्हणाला, "आबा, हा कागद म्हंजे मन्हा शब्द."

पाण्याच्या त्या शपथेनंतर पोच मागायची पद्धत नव्हती. गिरधरने मागितली नाही.

जुलैत पक्का नियम छापून आला. मसुद्यापेक्षा काना-मात्रेचाही फरक नव्हता. वर एक ओळ होती: मुदतीत कोणाचीही हरकत आली नाही. अंमल दिवाळीनंतर. गिरधरने ती ओळ तीनदा वाचली. मग कचेरीतल्या कारकुनाकडे होड्यांच्या नोंदी पाहिल्या. काकरघाटासाठी एक होडी नोंदलेली होती, चुनीलालच्या नावे. चुनीलाल रूपचंदचा मेहुणा. नोंदणीची तारीख मसुदा छापण्याच्या आदल्या आठवड्यातली.

ऑगस्टमध्ये रूपचंद दोन दिवस गावी आला आणि परत निघाला तेव्हा पलीकडून आबांच्याच होडीत बसला. गिरधर मुद्दाम त्याच फेरीत होता. तापी गढूळ, फुगलेली. अलीकडच्या काठावर चुनीलालची डांबर फासलेली नवी होडी बांधलेली दिसत होती.

"रूपचंदभाऊ, पटलावरचे अकरा दिवस बाकी आहेत," गिरधर म्हणाला. "बदल सुचवायला तुमची एक नोटीस पुरे."

"अरे मास्तर, तू दिवस मोजतोस? तिथं रोज नियमांचा गठ्ठा ठेवतात. कोण वाचतं?"

"तुम्ही वाचता. समितीवर आहात."

रूपचंदने धोतराचा सोगा सावरला. "समितीत आक्षेप आला नाही. बाहेरून हरकत आली नाही. मी एकट्याने काय म्हणू?"

"हरकत तुमच्या हातात दिली होती."

"मुंबईच्या गडबडीत कागद इकडेतिकडे होतात. तू शिकलेला, रजिस्टर का नाही केलंस?" तो हसला. "आणि आबांना कोण उपाशी ठेवतंय? चुनीलालला वल्हं मारायला माणूस लागेलच. महिना पगार देईल."

आबा इतका वेळ वल्हं मारत होते. आता ते थांबले नाहीत, फक्त बोलले. "मास्तर, तू म्हने, ताट तीस दिवस समोर ऱ्हास. आपला मानूस पंगतमा बठेल व्हता ना?"

"होता, आबा."

होडी काठाला लागली. रूपचंद सवयीने उडी मारून उतरला आणि चालू लागला.

"भाऊ," आबांनी हाक मारली. त्यांनी तळहात पुढे केला होता. "चार आने."

रूपचंद हसत वळला. काठावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले होते. तेव्हा त्याचं हसू गेलं. काठाच्या माणसाकडून या घाटावर कधी कुणी भाडं घेतलं नव्हतं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. त्याने खिसा चाचपला, नाणं दिलं आणि मागे न पाहता चढण चढला.

गिरधर होडीतच उभा होता. त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, सिंधुबाईला आपण नको म्हणालो ते. त्याने खिशातून चार आणे काढून पुढे केले. त्याला वाटलं, आबा आपली मूठ मिटवून हात मागे लोटतील.

आबांनी बराच वेळ नाण्याकडे पाहिलं. मग ते उचलून घेतलं.

"तू शिकेल शेस, मास्तर," ते हळू म्हणाले. "तुले कळाले पाह्यजे व्हतं."