आमसुलं, बांगडे आणि ऊन

मित्रांनो, मी एक जुनी सोलरची प्लेट आहे. माझ्या कोपऱ्याला तडा गेला आहे, पण हळहळू नका. तो तडा मी मिरवते.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आम्हा बहिणींना टेम्पोने भाट्ये खाडीपलीकडे आणलं आणि किनाऱ्यावरच्या एका गावाच्या सड्यावर बसवलं. सड्याचा तो उघडा कातळ वरच्या शेतकरीवाडीचा. आम्हाला आणलं खालच्या मोहल्ल्याने, मासळीच्या थंड खोलीसाठी. म्हणून ठरलं, सकाळची वीज वाडीच्या पंपाला, दुपारची थंड खोलीला. वाडीच्या विहिरी हल्ली माघातच तळ दाखवतात, पाणी खालून चढवावं लागतं, आणि वादळं अवेळी येऊन वीज तोडतात. आमची गरज दोघांनाही होती.

एका मे महिन्यात मोठं वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, एक फांदी माझ्या कोपऱ्यावर आपटली. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. थंड खोलीत मोहल्ल्यातल्या बायकांची मासळी भरलेली होती. ती नासली असती, तर पावसाळाभर चुली कशा पेटल्या असत्या? आता सगळी भिस्त आमच्यावर. पण सकाळी पाणी चढलं नाही, दुपारी खोली गार होईना.

खोली सांभाळणारी कौसरआपा धापा टाकत सड्यावर आली. वाडीतली काशी पंपापाशीच होती.

"काय गो काशी, सगळी वीज तुमच्या पंपाने गिळली काय?"

"आमचे हंडे रिकामे हायत, आपा! तुमची खोलीच खादाड!"

मग दोघींची नजर आमच्याकडे वळली. माझ्या अंगभर काशीची भिजलेली आमसुलं पसरली होती. कौसरआपा ओरडणार, तोच तिला पुढच्या ओळीवर तिच्याच सुनेचे, अजराचे, खारे बांगडे दिसले. अंगणं ओली होती. माझं एवढंसं सुकत टाकलं तर काय होतंय, असं घरोघरी वाटलं होतं. अर्ध्याअधिक प्लेटा झाकून गेल्या होत्या.

"तुझी आमसुलं, माझे बांगडे," कौसरआपा म्हणाली. "कालवणच लाव आता!"

काशीला हसू आवरेना.

वाडी आणि मोहल्ला, दोन्ही धावून आले. आमसुलं, बांगडे भराभर उचलले गेले आणि कातळाच्या खळग्यांत साचलेल्या पाण्याने आमच्या काचा लखलखीत झाल्या. थोड्या वेळाने खालून आरोळी आली, "खोली गार झाली गो!"

तारा जोडल्या जाईपर्यंत काशीने सकाळची पाळीही थंड खोलीला सोडली, आणि मोहल्ल्याने आपल्या विहिरीचं पाणी वाडीत पोचवलं. एक मासा नासला नाही.

पुढे संगमेश्वर, मंडणगडहून लोक बघायला आले. त्यांच्याही कातळांवर आता माझ्या धाकट्या बहिणी चमकतात, दोन-दोन गावांच्या मिळून. माझी वीज कमी झाली आहे. मला काढायची गोष्ट निघाली, तेव्हा काशीच आडवी आली, "हिला हात लावायचा नाय!"

मित्रांनो, आपलं एवढंसं काही आमच्यावर टाकण्याआधी शेजारच्या प्लेटेकडे एकदा बघा. आणि काच पुसायला याल, तेव्हा पलीकडच्या गावालाही हाक मारा.