टाचणीची उंची मोजणारी टेप

मी टेप बोलतेय. तीच ती, शिवणाऱ्यांच्या गळ्यात लोंबकळणारी, पिवळी, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी घातलेली. माझ्याकडे कुणी नीट बघत नाही. बघतात ते माझ्यावरच्या आकड्यांकडे, आणि तेही तोंड वाकडं करून. कंबर मोजून घेताना खूश झालेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. पोट आत ओढतात, श्वास रोखून धरतात, आणि वर पुन्हा "जरा सैलच शिवा हं" म्हणतात. तेव्हा माणसाचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. बसा, सांगते.

जन्म कारखान्यातला. कापडाच्या पट्टीवर लेप चढला, वरून आकडे छापले, टोकांना टोप्या ठोकल्या आणि गुंडाळी करून मला डबीत भरलं. सुईदोऱ्याच्या एका दुकानात मी काचेमागे पडून होते. एक दिवस एक तरुण बाई बटणं निवडायला आली. तिने मला उचललं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाली, "ही द्या." ताणून पाहायची खोड तिला तेव्हापासूनचीच.

बाई बायकामुलींचे कपडे शिवायची. पुढच्या खोलीत दुकान, मधे पडदा आणि पडद्यामागे संसार. हात असा की एकदा माप घेतलं की ब्लाउज दुरुस्तीला परत येणं नाही. पण काळजी करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. त्याला यायला जरा उशीर झाला की बाईच्या डोक्यात अपघात होऊन, दवाखाना होऊन, सगळं संपलेलंसुद्धा असायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मी रोज बघत होते. तो बिचारा भाजीची पिशवी घेऊन दारात उभा राही, आणि ही रडत रडत त्याच्यावरच ओरडे.

घर ख्रिस्ती, देवभिरू. गिऱ्हाइकांना धीर द्यायचा असला की बाईइतका विश्वास दुसऱ्या कुणाचा नाही. "प्रभू आहे ना! कशाला जिवाला घोर लावून घेता?" असं ती ठासून सांगायची. गिऱ्हाइकाची पाठ फिरली की हीच बाई इस्त्री बंद केली का ते पुन्हापुन्हा जाऊन बघायची. मला हसू यायचं. पण टेपचं हसू कुणाला ऐकू जातंय?

सासूबाई मात्र सगळं ओळखून होत्या. रविवारी उपासनेहून येताना एकदा म्हणाल्या, "सूनबाई, प्रार्थनेत एवढी रडलीस, सगळं देवाच्या पायाशी ठेवलंस. मग उठताना परत का उचललंस? काळजी म्हणजे काय छत्री आहे, येताना कोपऱ्यात ठेवली आणि जाताना आठवणीने घेतली?"

"आई, तुम्हाला काय जातंय बोलायला," बाई म्हणाली. पण चेहरा पडला होता.

मग मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली. कळा आल्या तशी बाई दुकानातून उठून दवाखान्यात गेली होती, म्हणून काचेच्या पेटीतलं ते बाळ बघताना मी तिच्या गळ्यातच होते. एवढीशी मूठ, एवढेसे पाय. बापाने बघितलं आणि डोळे पुसत म्हणाला, "ही तर टाचणी आहे गं." तेच नाव पडलं. टाचणी जगली, रांगली, चालली, बोलायला लागली ती थांबलीच नाही. गळा असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसाने "कोण गं?" म्हणून ओ द्यावी. फक्त उंची काही वाढेना.

डॉक्टर म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. काही मुलं हळू वाढतात. वर्षातून दोनदा आणा, मी मोजेन." बाईने मान डोलावली आणि दुसऱ्या सकाळपासून रोज मोजायला सुरुवात केली.

दात घासून झाले की टाचणीने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. बाई माझं एक टोक तिच्या टाचेखाली अडकवायची आणि मला वर खेचायची. खेचायची म्हणजे कशी, जणू मला ओढलं की पोरगी वाढणार होती! इतर घरांत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारतात, तशी रेघ तिने कधी मारली नाही. वर्ष उलटलं आणि रेघ तिथेच राहिली तर पोरीला दिसेल, तिचं मन खट्टू होईल, म्हणून. आकडा बाईच्या डोक्यात असायचा. तो वाढला की घरात सण, आणि नाही वाढला की दिवसभर मशीनचा आवाजसुद्धा वेगळा यायचा.

टाचणी पाचवीत असताना शाळेत नावेच्या शर्यतीचा संघ निघाला. गावाला लागून रुंद नदी आहे. आठ मोठ्या मुली वल्ही मारतात, पुढच्या दिशेला पाठ करून. त्यांच्यासमोर एक जण बसते, पुढचं दिसतं ते तिला एकटीलाच. ती सुकाणू धरते आणि ओरडून सगळ्यांचा ताल राखते. ती जितकी हलकी तितकं बरं. संघाला शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात टाचणीचा आवाज ऐकला आणि थेट दुकानात आल्या.

"मला हीच हवी," त्या म्हणाल्या. "मूर्ती लहान, पण आवाज बघा की!"

"पाण्यावर?" माझ्या बाईच्या हातातली कात्री थांबली. "अहो, ती केवढी आहे! जरा उंची वाढू दे, मग बघू."

"ताई, ती पोहते. वर तरंगायचं जाकीट असतं. आणि उंची वाढली तर मला तिचा उपयोग नाही."

"वाढू दे आधी," बाई म्हणाली. एवढंच. शिकवणाऱ्या बाईंनी रविवारपर्यंत वाट बघते म्हणून सांगितलं, नाहीतर दुसरी मुलगी घ्यावी लागेल.

पडद्याआडून टाचणीने सगळं ऐकलं होतं. त्या आठवड्यात ती माझ्याशी फार गोड वागायला लागली. सकाळी हाक मारायच्या आधीच मोजे घालून भिंतीला जाऊन उभी. आणि काय सांगू, आकडा वाढायला लागला! बाईचा जीव भांड्यात पडला. शनिवारी तर तिने नवऱ्याला डेपोत फोन केला, "अहो, वाढली हो! खरंच वाढली!"

रविवारी सकाळी आणखी थोडी वाढली. बाई गुणगुणत आवरायला लागली. टाचणी चर्चला जायचे बूट घालायला बसली, आणि बूट काही पायात जाईना. बाई मदतीला वाकली. मोज्यात हात घातला तर आतून कातरण निघालं. लाल, निळं, फुलाफुलांचं, दुकानातल्या जमिनीवरचं सगळं कातरण टाचांखाली ठासून भरलेलं.

बाई बघतच राहिली. "हे काय गं?"

"तुला बरं वाटावं म्हणून," टाचणी खाली बघत म्हणाली. "मी नाही वाढले की तू जेवत नाहीस."

बाईने मोजे काढले, तिला भिंतीला उभं केलं आणि मला खेचलं. आकडा गेल्या महिन्यापेक्षाही कमी होता. पुन्हा खेचलं. तेवढाच. पोरगी कमी झाली होती! बाईने मला गळ्यात अडकवलं. बाहेर सासूबाई हाका मारत होत्या, उशीर होत होता. बाई तशीच निघाली, मी गळ्यात, आणि मी गळ्यात आहे याचा तिला पत्ताच नाही.

पाळकसाहेब त्या दिवशी कशावर बोलले ते विचाराल तर छपराच्या गळतीवर बोलले, आणि बरंच लांबवलं. काळजीवर एक शब्द नाही. बाईचं कुठे लक्ष होतं म्हणा. मग शांत प्रार्थनेची वेळ आली. सगळी मंडळी गुडघ्यांवर. बाईने डोकं बाकावर टेकलं आणि मी तिच्या गालाखाली आले. ती पुटपुटत होती, ते फक्त मला आणि ज्याला ऐकू जायचं त्यालाच ऐकू गेलं.

"प्रभू, पोर वाढत नाही म्हणून मी रोज रडते. पण पोर माझ्यासाठी मोज्यात चिंध्या भरायला लागली रे. हे मी काय केलं तिचं? मला भीती वाटते. ती पेटीत होती तेव्हापासून वाटते. तेव्हा तिला तू धरलंस, माझा तर हातसुद्धा पोचत नव्हता. आता मीच धरून बसलेय, आणि माझ्याने होत नाही. घे तू. केवढीही असू दे, तुझी आहे. घे."

मग तिने डोकं उचललं, तेव्हा मी तिच्या हाताला लागले. तिने माझ्याकडे बघितलं, आधी आश्चर्याने, मग जरा हसून. मला गळ्यातून काढलं, नीट घडी घातली आणि बाकावर ठेवलं. उपासना संपली, ती उठली, दारापर्यंत गेली, बाहेर पडली. मी बाकावरच! इतकी वर्षं तिच्या गळ्यात काढली आणि टाकून गेली म्हणून मला वाईट वाटावं ना? खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चर्चच्या पायऱ्यांवरून तिचा आवाज येत होता. शिकवणाऱ्या बाईंना फोनवर ती सांगत होती, "घ्या तिला. हो, आजच नाव घाला."

सासूबाई सगळ्यात मागून उठल्या. इकडे तिकडे बघून त्यांनी मला पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली.

भीती एका दिवसात जाते असं मी सांगणार नाही. पर्समध्ये बसून सगळं ऐकू यायचं. रोज सकाळी बाईचा हात सवयीने गळ्याशी जायचा, आणि मी नाही म्हटल्यावर ती तोच हात पोरीच्या डोक्यावर ठेवून प्रार्थना करायची. कधी छोटी, कधी घाबरीघुबरी. काही सकाळी तर नुसतंच "प्रभू, आज पुन्हा तूच." दुकानासाठी नवी टेप आली, ती खिळ्यावरच राही, पडद्याच्या आत कधी आली नाही. हळूहळू बाई जेवायला लागली. नवरा उशिरा आला तर म्हणायची, "आलात? पानं वाढते." तो आपला दोनदा मागे वळून बघायचा, आपण बरोबर घरात आलो ना म्हणून.

शर्यतीच्या दिवशी सासूबाई मला घेऊन काठावर आल्या. वारा होता, पाणी उसळत होतं. बाईने एका हाताने नवऱ्याचा दंड घट्ट धरला होता, पण डोळे उघडे होते. टाचणी सुकाणूवर एवढीशी दिसत होती. नावा सुटल्या आणि आमची मागे पडली.

"आई, त्या मुलींना पुढचं काहीच दिसत नाही," बाई म्हणाली. "तरी कशा वल्ही मारतायत बघा."

"जिला दिसतं तिचं ऐकतायत ना," सासूबाई म्हणाल्या.

आणि मग नदीवरून तो आवाज आला. "ओढा! ओढा! आता सगळ्या! ओढा!" बाकीच्या नावा मधल्या लाटांत हेलकावत होत्या. टाचणीने आपली नाव काठालगतच्या संथ पाण्यात घातली आणि घसा फोडून ओरडत सुटली. एक नाव मागे गेली, मग दुसरी. बाईने नवऱ्याचा दंड सोडला. दोन्ही हात वर करून ती नाचत होती, "ओढा गं पोरींनो, ओढा!" सासूबाईंनी पर्स उघडली, मला बाहेर काढलं आणि डोक्यावर गरगर फिरवलं. त्या उंचीवरून मी बघितलं. आमची नाव पहिली आली. मी मोजत होते म्हणून सांगते, दुसरीच्या पुढे चांगलं नावभर अंतर राखून!

बाई पाण्यात गुडघाभर शिरली, चपलांसकट, आणि टाचणीला उचलून घेतलं. "देवा, तुझी स्तुती असो!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पोरीला गळा कुठून मिळाला ते सगळ्या काठाला कळलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मला नव्या टेपच्या शेजारी त्याच खिळ्यावर अडकवलं. नवरा हात पुसत उभा होता. तो म्हणाला, "अगं, ही जुनी जास्त खाली कशी लोंबतेय?"

बाईने जवळ येऊन आम्हा दोघींची टोकं जुळवून धरली. मी जवळजवळ बोटभर जास्त भरले. रोज सकाळी खेचून खेचून मी ताणले गेले होते, आकडे एकमेकांपासून लांब गेले होते, म्हणून पोर कमी भरली होती! तिने ज्या टेपने अंग मोजायचं त्याच टेपने कापड बेतायचं, कपडे अंगावर बरोबर बसायचे, मग कुणाला कळणार?

बाई मटकन खाली बसली. "म्हणजे माझी पोर कमी झालीच नव्हती! ही मेली वाढली होती!" आणि हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सगळं घर हसलं. मेली म्हटल्याचा मला मुळीच राग आला नाही.

नवऱ्याने नवी टेप हातात घेतली. "चल टाचणे, उभी राहा भिंतीला. खरी उंची तर बघू!"

टाचणीने आईकडे बघितलं. बाई उठली, नवऱ्याच्या हातातून टेप घेतली आणि खिळ्यावर ठेवली. "डॉक्टर बघतील त्यांच्या वेळेला," ती म्हणाली. "मला भूक लागलीय. चला सगळे जेवायला."

आता माझं म्हणाल तर दुकानात मी निरुपयोगी ठरले. पण टाचणीने मला मागून घेतलं आणि आपली शिट्टी माझ्यात ओवली. रोज नदीवर तिच्या गळ्यात असते. पाण्याने माझे आकडे पुसट झालेत. एका टोकाची टोपी नदीत पडली. मोजायला सांगाल तर मला काही येत नाही.

जाता जाता एक मागणं आहे. कापड मोजा, खोली मोजा, पडदे मोजा, त्यासाठीच आम्ही जन्माला येतो. पण उद्याची काळजी आमच्या गळ्यात घालू नका हो, आम्ही ताणले जातो आणि खोटं सांगायला लागतो. तुमच्याने होत नसेल तर ज्याच्याने होतं त्याच्या हातात द्या. आमच्या बाईने दिलं आणि ती नाचली, मी डोळ्यांनी बघितलं.

बरं, पुरे आता. नाव पाण्यात ढकललीय, पोरी बसल्यात, काठावरून बाई हात हलवतेय. टाचणीने शिट्टी ओठांना लावली. ओढा!