गजाधर बैगाचे पिवळे पाय

राईस मिलच्या मागे आमची वस्ती, कोंडापारा. रविवारी सकाळी निम्मी वस्ती तळहात पसरून रांगेत उभी होती. गजाधर बैगा, म्हणजे आमच्याकडचा मांत्रिक, कावीळ धुऊन काढत होता.

बैगाने रांगेत वाटलेल्या बाटलीतलं मंतरलेलं पाणी तळहातांना चोळायचं, मग परातीतल्या पाण्यात हात बुडवायचे, की परात हळदीसारखी पिवळी!

"निघाली बघा!" बैगा ओरडायचा. "डॉक्टर काय करतो? बाटल्या लावून आत घालतो. बाहेर कोण काढतो?"

"तुम्ही, महाराज!"

आणि कावीळ हट्टी निघाली, तर बैगा घरी येऊन मनगटावर तापलेल्या विळ्याचा डाग द्यायचा.

मी वस्तीतल्या दवाखान्यात नर्स. मागच्या पावसाळ्यात सुकवारो नावाची पोटुशी पोरगी माझ्या हातात गेली. आणली तेव्हा शुद्ध नव्हती. दोन्ही मनगटांवर डाग मात्र ताजे होते. त्या दिवसापासून या माणसाचं देणं माझ्याकडे राहिलं होतं. लोकांना शहाणं करायचं वगैरे मला नंतर सुचलं. आधी सूड.

आता रांगेत बिसाहिन दाई होती; दाई म्हणजे आमच्याकडे आई. आमचा दवाखाना आठ वर्षं झाडते, पण भरवसा बैगावर. सोबत तिची सून फुलकुंवर. सातवा महिना, डोळे पिवळेजर्द.

"दाई, हिला आजच्या आज मोठ्या इस्पितळात ने. पोटुशीची कावीळ जीव घेते," मी म्हटलं.

"नेते ना, केतकी दीदी. महाराज दुपारी डाग द्यायला येतायत. तेवढं झालं की मंगळवारी नेते."

मंगळवारपर्यंत ही राहील का, ते मला माहीत नव्हतं. मी फुलकुंवरच्या हातातली बैगाची बाटली घेतली, हुंगली. बैगाच्या झोपडीमागचं झाड आठवलं, आणि बऱ्याच महिन्यांनी मनापासून हसले.

दुपारी बिसाहिनच्या अंगणात चुलीवर विळा लाल होत होता. बैगा आला. आमच्याकडे पाहुणा दारात आला की सुनेने लोटा घेऊन पाय धुवायचे. पाहुण्याने नको म्हणायचं नाही, म्हटलं तर घराचा अपमान. मी दोन लोटे आणि परात घेऊन पुढे झाले.

"सुनेला वाकवत नाही, महाराज. आज मी धुते."

बैगा फुगला. "बघा रे! सुई टोचणारी शेवटी पायाशीच आली!"

पहिल्या लोट्याने पाय चोळचोळून धुतले. दुसरा लोटा ओतला. परातीत पिवळंधमक पाणी.

सगळे परातीवर वाकले. मग बिसाहिनने छाती बडवली, "अगं माझ्या दाई! महाराजांना कावीळ!"

"इतक्यांची काढली, तीच चिकटली असणार," कुणीतरी म्हणालं.

"पायात उतरली म्हणजे महाहट्टी!"

मी गंभीरपणे बैगाची नाडी धरली. "दोन्ही पायांना डाग लागणार. हट्टी कावीळ डागानेच जाते, असं महाराजच सांगतात."

चौघांनी त्याला प्रेमाने आडवा केला. बिसाहिन विळा घेऊन आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, नुसती भक्ती.

"घाबरायचं नाही, महाराज. सुकवारोसुद्धा ओरडली नव्हती."

"मला कावीळ नाही गं, म्हातारे!"

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात."

"आंब्याची साल आहे ती! सालीचा काढा! चुन्याची निवळी लागली की पिवळा होतो! कुणाचाही होतो! सोडा!"

"नीट ऐकू नाही आलं, महाराज," मी म्हटलं.

त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर पार मिलपर्यंत ऐकू गेलं. मग मी विळा बादलीत बुडवला. चर्रर्र झालं, आणि त्या आवाजालाच बैगा उठून पळाला. एक चप्पल राहिली.

मी बाटलीतलं उरलेलं पाणी दाईच्या वरवंट्याला चोळलं, वर लोट्यातली निवळी ओतली. पिवळा ओघळ.

"दाई, वरवंट्याला कावीळ झाली. डागायचा का?"

सगळे हसले. दाई हसली नाही. वरवंट्याकडे बघत राहिली, मग सुनेच्या मनगटाकडे.

"गाडी बोलाव, दीदी. आत्ता."

फुलकुंवर अठरा दिवसांनी परत आली, पोट सांभाळून. मनगटं कोरी.

लोक विचारतात, मग बैगाकडे इतके जण बरे कसे झाले? अहो, पुष्कळांची कावीळ विश्रांतीने आपोआप उतरते. त्याचं श्रेय बैगाला. जे मेले, ते तक्रार करायला येत नाहीत. कावीळ तळहातात नसते, यकृतात असते, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा घाण पाण्यातून येते. पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. बाई पोटुशी असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, मंगळवारची वाट बघू नका.

आणि कुणी परातीत कावीळ काढून दाखवलीच, तर आधी त्याचे पाय धुवा.